केशवसुतांचे बंड

केशवसुत १९०५ साली हुबळीस प्लेगाने वारले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. या अकालमृत्यूमुळेच त्यांची मोहिनी टिकली, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही. अकाली गेलेले कितीतरी कवी आज विस्मृतीत आहेत. केशवसुतांनी १८९३ साली मुंबईत ‘तुतारी’ लिहिली. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ व ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ या कविता तत्पूर्वीच्या. पुढे १९८२ च्या गिरणीसंपानंतर तीच उपासमार लालबाग-परळच्या चाळींत शिरली. गिरगाव-दादरच्या दिवाणखान्यांत आपण ‘तुतारी’ कौतुकाने म्हणतो. त्या मुलाच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे मात्र टाळतो. ते दिले जाईपर्यंत हे बंड जुने व्हावयाचे नाही.