'मेला' आणि 'मारला' : 'व्हेक्टर प्राइम'वरील वाचक-प्रतिक्रियांचे व्याकरण

लोकप्रिय कादंबरीवर वाचक जे बोलतात त्याला समीक्षेच्या दालनात सहसा प्रवेश नसतो. त्यातही कादंबरी एखाद्या चित्रपटमालिकेच्या आश्रयाने लिहिलेली असेल, तर तिचाच प्रवेश संशयास्पद. मग तिच्या वाचकांचा विचार कोण करणार? अशा वाचकांचा संताप किंवा शोक हा वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवला जातो. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे नव्हे. परंतु वाचक काय म्हणतो एवढ्यावर न थांबता तो ते कोणत्या वाक्यरचनेत म्हणतो हे पाहिले, तर या प्रतिक्रियांतून आश्रित कादंबरीच्या स्वरूपाविषयी एक गोष्ट हाती लागते. ती कादंबरीच्या आशयविवेचनातून तितक्या स्पष्टपणे हाती लागत नाही.

आर. ए. साल्वातोर यांची 'व्हेक्टर प्राइम' ही कादंबरी अमेरिकेत डेल रे या प्रकाशनसंस्थेने ऑक्टोबर 1999 मध्ये प्रसिद्ध केली. 'स्टार वॉर्स' चित्रपटांवर आधारलेल्या 'न्यू जेडाय ऑर्डर' या 19 कादंबऱ्यांच्या मालेचा हा आरंभ होता. माला 2003 मध्ये पूर्ण झाली. कादंबरीत यूझान व्हाँग नावाचे परकीय आक्रमक सर्नपिडल या ग्रहावर त्याचाच चंद्र ओढून पाडतात. त्या प्रलयात लोकांना वाचवण्याची धडपड करीत असता वूकी जातीचा चुबाका हा आपला मित्र हान सोलो याच्या मुलाला, ॲनाकिनला, यानापर्यंत पोचवतो आणि स्वतः मागे राहतो. यान चालवणारा ॲनाकिन उरलेल्या सर्वांचे प्राण वाचवण्यासाठी यान वर उचलतो. कोसळणाऱ्या चंद्रासमोर उभा राहून गर्जना करणारा चुबाका हे त्याचे शेवटचे दर्शन.

1977 पासून पडद्यावर असलेले हे पात्र असे नाहीसे झाल्यावर वाचकवर्गात मोठी खळबळ उडाली. ती अनपेक्षित मात्र नव्हती. 1991 ते 1999 या काळात बँटम या संस्थेने काढलेल्या कादंबऱ्यांत संकटे पुष्कळ येत, परंतु मुख्य पात्रे त्यांतून सुखरूप बाहेर पडणार ही खात्री वाचकाला पहिल्या पानापासून असे. नव्या मालेला ती खात्रीच मोडायची होती.

रागावलेल्या वाचकाच्या तक्रारीचे मूळ वाक्य असे होते : साल्वातोर यांनी चुबाकाला मारले. हे वाक्य सरळ दिसते, पण कथेच्या आत पाहिले तर ते असत्य आहे. कथेत चुबाकाला मारणारे यूझान व्हाँग आहेत, किंवा चंद्र आहे, किंवा हान ज्या कटुतेने बोलतो ती खरी मानली तर ॲनाकिन आहे. इंग्रजी भाषेत लेखकाने पात्राचा शेवट करण्यासाठी 'किल ऑफ' असा एक निराळाच क्रियाप्रयोग आहे. हा प्रयोग सामान्यतः कथेबाहेरच्या कर्त्याविषयी होतो. शत्रूने सैनिकाला मारले हे सांगताना त्याची गरज पडत नाही. वाचकांनी तो सहजगत्या वापरला, यावरून क्रियेचा कर्ता कथेबाहेर आहे याची जाणीव त्यांना होती हे उघड होते. भाबडा वाचक कथेला सत्य मानतो असा जो आक्षेप घेतला जातो, तो येथे लागू पडत नाही. भाबडा वाचक शत्रूवर रागावला असता.

कादंबरीच्या समर्थकांचे वाक्य याहून वेगळे होते, आणि ते पुढे वाचकांत म्हणीसारखे रूढ झाले : चुबाकाला मारायला एक अख्खा चंद्र पाडावा लागला. येथे कर्ता गळाला आहे. 'लागला' या क्रियापदाने मृत्यूला अपरिहार्यतेचे रूप दिले आहे आणि चंद्र साधन म्हणून आला आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आणि करणाचे लक्षण क्रियेच्या सिद्धीतील सर्वांत मोठे साहाय्य हे सांगितले. तक्रार करणारा वाचक स्वातंत्र्य कोणाकडे होते हे विचारतो. समर्थक साधनाची भव्यता दाखवतो. दोघांचा वाद मृत्यू योग्य की अयोग्य असा दिसतो, परंतु वस्तुतः तो कारकाचा वाद आहे. (मराठीत 'लेखकाने' आणि 'चंद्राने' या दोन्ही रूपांत एकच 'ने' येतो, म्हणून हा भेद आपल्या कानाला पुसट वाटतो. इंग्रजी वाचकाला ही सोय नव्हती.)

परंतु तक्रारकर्त्या वाचकाने निवडलेला कर्ता तरी बरोबर होता काय? मृत्यूचा निर्णय मुळात आपला नव्हता हे साल्वातोर यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मालेची आखणी प्रकाशक आणि लुकासफिल्म यांच्या विचारविनिमयातून झाली होती, आणि वाचकांचा रोष मात्र मुखपृष्ठावर ज्याचे नाव होते त्याच्यावर गेला. व्याकरणाच्या भाषेत साल्वातोर हे प्रयोज्य कर्ते होते. प्रयोजक अन्यत्र होता. 'मारला' याऐवजी 'मारवला' हे क्रियापद हवे होते. येथे आर्थर कॉनन डॉइल यांचे उदाहरण तुलनेला उपयोगी पडते. डिसेंबर 1893 च्या 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्स धबधब्यात नाहीसा झाला, तेव्हाही वाचक लेखकावर चिडले. पण होम्स डॉइल यांच्या मालकीचा होता, त्यामुळे त्यांची पत्रे योग्य पत्त्यावर गेली आणि 1903 मध्ये होम्स परतही आला. आश्रित कादंबरीत असा पत्ताच नसतो. कथेचा कर्ता अनेकांत विभागलेला असतो. वाचकाच्या वाक्याला मात्र एकच कर्ता लागतो, म्हणून ते नावावर जाऊन थांबते. यात वाचकाचा दोष फार थोडा आहे. लेखकाचे नाव पुस्तकावर छापून निर्णयाची जबाबदारी पडद्याआड ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तो परिणाम होय.

आता एक अडचणीचा प्रश्न उरतो. भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने हा वाचकांचा शोक लौकिक आहे, तो करुणरसाच्या पदवीला पोचत नाही, असे कोणी म्हणेल. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. बावीस वर्षांच्या ओळखीचे पात्र गेले म्हणून रडणारा वाचक त्याच विघ्नात सापडला आहे असे वाटते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. मात्र विघ्न वाचकाच्या मनात जितके आहे तितकेच कादंबरीतही आहे. मृत्यूचे कारण कथानकाच्या आतून पिकत आलेले नाही. चुबाकाचा स्वभाव, त्याचे हानशी असलेले प्राणऋणाचे बंधन, यांतून त्याचे आत्मसमर्पण पटते. परंतु चंद्र नेमका त्या वेळी, त्या शहरावर का पडावा, याचे उत्तर कथेत शोधू गेल्यास हाती फक्त योजना लागते. कारणच बाहेर असल्यावर वाचकाचे लक्ष बाहेर जाणार. त्याला ताटस्थ्य शिकवण्यापूर्वी हे मान्य करावयास हवे.

तरीही कादंबरीच्या पदरात एक गोष्ट निश्चित पडते, आणि तिच्याकडे संतप्त वाचकांचे व त्यांच्या टीकाकारांचे सारखेच दुर्लक्ष झाले. चुबाका हे बोलणारे, पण अर्थ न कळणारे पात्र आहे. चित्रपटात त्याचा आवाज बेन बर्ट यांनी मुख्यतः अस्वलाच्या व इतर प्राण्यांच्या आवाजांतून तयार केला, आणि त्याच्या बोलण्याखाली अनुवादाची ओळ कधी आली नाही. प्रेक्षकाला त्याचे म्हणणे समजते ते हानच्या उत्तरातून. छापील पानावर तर तो आवाजही नाही. तेथे गुरगुरण्याचा उल्लेख येतो आणि पुढे हानचे वाक्य येते. म्हणजे चुबाकाचा अर्थ सर्वस्वी दुसऱ्याच्या उत्तरात राहतो. असे पात्र नाहीसे झाल्याने पानावरचा एकही उद्गार कमी होत नाही, परंतु हानची सगळी वाक्ये अर्धी होतात. जेम्स लुसेनो यांच्या 2000 मधील 'हीरोज ट्रायल' आणि 'जेडाय एक्लिप्स' या दोन कादंबऱ्यांत हाच हान घरच्यांपासून तुटलेला, मुलाशी न बोलणारा असा दिसतो. ज्याला चुबाका कळत होता त्याला आता स्वतःची माणसे कळेनाशी झाली आहेत. 'व्हेक्टर प्राइम'चे खरे मोल तिच्या शेवटच्या प्रकरणांपेक्षा या पुढच्या पुस्तकांत प्रत्ययास येते, हे तिचे यशही आहे आणि मर्यादाही.

25 एप्रिल 2014 रोजी लुकासफिल्मने आजवरच्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून वगळून त्यांना 'लेजेंड्स' हे नाव दिले. डिसेंबर 2015 च्या चित्रपटात चुबाका जिवंत होता. मेला तो हान, तोही मुलाच्या हातून. ज्या वाचकांनी 1999 मध्ये हा मृत्यू रद्द व्हावा अशी मागणी केली होती, त्यांची मागणी एका परीने मान्य झाली. पण त्यांच्या वाक्यात 'मेला नाही' असे सरळ रूप आले नाही. तो लेजेंड्समध्ये मेला, असे ते म्हणू लागले. क्रियापद भूतकाळातच राहिले, आणि कर्त्यावरून इतकी वर्षे भांडल्यानंतर वाक्यात अधिकरणाची एक सप्तमी तेवढी वाढली.