झेडोराचा व्हाइसरॉय

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मगुरूंच्या घरात गोल्डस्मिथच्या भूगोलाची एक प्रत होती. पुस्तकाच्या शेवटी जगातल्या स्थळांची वर्णानुक्रमे यादी आहे आणि त्या छापील नावांच्या मध्येच कुणीतरी शाईने आणखी काही नावं लिहिली आहेत. उत्तर पॅसिफिकमध्ये गॉन्डल नावाचं मोठं बेट. दक्षिण पॅसिफिकमध्ये नुकताच शोध लागलेलं गाल्डीन. त्या गाल्डीनमध्ये झेडोरा नावाचा प्रांत, त्यावर व्हाइसरॉय नेमलेला. तिथेच उला नावाचं राज्य आहे आणि त्यावर एकाच वेळी चार राजे राज्य करतात. अक्षर ॲन ब्राँटेचं आहे.

या नोंदी मी अनेकदा वाचल्या आणि दर वेळी झेडोरापाशी थांबलो. झेडोराला राजा दिला असता तरी चाललं असतं. ॲनने तिथे व्हाइसरॉय बसवला. म्हणजे मुकुट समुद्रापलीकडे आहे, इथे कारभार पाहायला माणूस धाडलेला आहे, त्याला हुकूम येतात, त्याचे अहवाल जातात आणि जहाज पोचेपर्यंत तो मनाला येईल ते करू शकतो. वसाहतीचं सगळं राजकारण एका ओळीच्या नोंदीत बसलं आहे. लिहिणारीचा स्वर भूगोलाच्या पुस्तकाइतकाच शांत आहे. कल्पनेतला देश खरा वाटायला हाच स्वर लागतो.

आज इंटरनेटवर काल्पनिक राष्ट्रं चालवणारे असंख्य खेळाडू आहेत. ‘नेशनस्टेट्स’ हा त्यातला प्रसिद्ध खेळ २००२ मध्ये मॅक्स बॅरी या कादंबरीकाराने सुरू केला. झेंडा, घटना, मंत्रिमंडळ, शेजाऱ्याशी तह, सगळं लिहून चालवायचं. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या ब्राँटे भावंडांनी हेच दोन शतकांपूर्वी चौघांत केलं, आणि माझ्या मते त्यांच्याइतकं खोलवर पुढे कुणी केलेलं नाही.

सुरुवात ५ जून १८२६ ची. पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून मुलगा ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. दहा वर्षांच्या शार्लटने एक शिपाई उचलला आणि त्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ब्रॅनवेलने आपल्याला बोनापार्ट घेतला. वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, मराठी वाचकाच्या ओळखीचा. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. आपल्याकडे ज्याचं नाव पराभवाच्या प्रकरणात येतं, तो हॉवर्थच्या घरात एका लहान मुलीच्या मुठीत मावणारा नायक होता. त्याची आणि त्याच्या मुलांची कहाणी वाचताना ही ओळख मला विसरता येत नाही, आणि विसरूही नये असं वाटतं.

या शिपायांना मुलांनी जहाजात बसवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताकाठी उतरवलं. तिथे ग्लास टाउन उभं राहिलं, भोवती चौघांची चार राज्यं. मुलं स्वतः त्या देशाचे जिनी झाले. अफाट शक्तीचे, लढाईत मेलेल्याला पुन्हा जिवंत करणारे. इथपर्यंत हा कोणत्याही हुशार मुलांचा खेळ आहे. खरी गंमत कागदांत आहे. जानेवारी १८२९ पासून ब्रॅनवेलने ग्लास टाउनचं मासिक काढलं आणि त्याच वर्षी ते शार्लटने हाती घेतलं. तळहातावर सहज मावतील इतके छोटे अंक, सुईदोऱ्याने शिवलेले, छापल्यासारख्या बारीक अक्षरांत. त्यांत कथा, कविता, जाहिराती, पुस्तकांवरचे शेरे. ब्रॅनवेलने या देशाचा इतिहास लिहिला तो ग्लास टाउनच्याच एका इतिहासकाराच्या नावाने, सोबत नकाशा जोडून. शार्लट लिहायची ती लॉर्ड चार्ल्स वेलस्ली होऊन, वेलिंग्टनचा धाकटा मुलगा होऊन. मग हे लेखक एकमेकांची खिल्ली उडवू लागले, एकाचं म्हणणं दुसरा खोडून काढू लागला. ज्यांच्या शब्दावर मेलेले उठत होते, त्या जिनींनी आपल्या देशाचं सत्य चार भांडकुदळ लेखकांच्या हवाली केलं. राज्य चालवण्याची ही रीत मला फार मोठी वाटते. आपल्याच वर्तमानपत्राने आपल्याला खोटं पाडावं, याची सोय त्यांनी स्वतः करून ठेवली.

या साऱ्या कागदांतलं एक छोटं लेखन मला सर्वांत मोलाचं वाटतं. १८३० च्या ऑगस्टमध्ये, चौदाव्या वर्षी, शार्लटने ते लॉर्ड चार्ल्सच्या नावाने लिहिलं. पावसाळी, धुकट दिवस आहे. चार्ल्स ग्लास टाउनच्या सार्वजनिक वाचनालयात कंटाळून बसला आहे. बसल्या बसल्या त्याला वाटू लागतं की आपण नाहीच. आपलं बोलणं, जेवणं, विचार करणं आपलं नाही. आपण दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातली नुसती कल्पना आहोत. मग वडील, भाऊ, अख्खं शहर त्याला तसंच वाटू लागतं. एकदम तो छताकडे उचलला जातो. समोर दोन प्रचंड चमकते गोल, म्हणजे डोळे, आणि तो स्वतः एका अवाढव्य तळव्यात. पलीकडे त्याचंच शेकडो फूट उंचीचं रूप उभं. क्षणात सगळं विरतं आणि तो पुन्हा वाचनालयात असतो.

प्रजेला राज्यकर्त्याची चाहूल लागण्याचा हा प्रसंग आहे. चौदा वर्षांची मुलगी आपल्या मुठीतल्या शिपायाच्या आत शिरते आणि तिथून स्वतःकडे पाहते, आणि तिथून ती भयंकर दिसते. तिने चार्ल्सला पळवलं नाही, त्याच्याकडून देवाची स्तुतीही करवली नाही. त्याला फक्त कळतं. पुढच्या वर्षांत जिनी या कथांतून हळूहळू मागे सरत गेले, आणि मला वाटतं त्याचं बीज इथे आहे.

पण या देशाच्या पायाखालची जमीन रिकामी नव्हती, आणि मुलांनाही ते ठाऊक होतं. १८२४ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राज्याच्या सैन्याने गोल्ड कोस्टवर ब्रिटिश गव्हर्नर चार्ल्स मॅकार्थीला ठार केलं होतं; ते युद्ध १८३१ पर्यंत रेंगाळलं. घरात राजकारण चवीने वाचलं जाई. शत्रूसाठी मुलांनी अशांतींना निवडलं, त्यांच्या राजाला नाव दिलं तेही बोडिच या इंग्रज प्रवाशाच्या १८१९ च्या प्रवासवर्णनातल्या खऱ्या राजाच्या नावावरून. ब्रॅनवेलच्या इतिहासात अशांतींच्या राजधानीची, कुमासीची, जी कत्तल येते, ती वाचवत नाही. तिथे काळी माणसं नुसती मारायला ठेवलेली आहेत. हे झाकून या लेखनाचं कौतुक करता येणार नाही.

त्याच राजाचा अनाथ मुलगा क्वाशिया. वेलिंग्टन त्याला दत्तक घेतो, आपल्या मुलांत वाढवतो, आणि तो मोठा होऊन बंड करतो. १८३४ मध्ये शार्लट आणि ब्रॅनवेलने वेलिंग्टनच्या थोरल्या मुलासाठी, झामोर्नासाठी, अँग्रिया हे नवं राज्य कोरलं. युद्धातल्या कामगिरीचा मोबदला म्हणून झामोर्ना ते मागून घेतो. सात प्रांत, राजधानी एड्रियनोपोलिस, ध्वजावर उगवता सूर्य, पंतप्रधान म्हणून राजाचा सासरा आणि वैरी नॉर्थँगरलँड. झामोर्ना देखणा, क्रूर, बोलघेवडा. त्याच्या भाषणांना मी लवकर कंटाळतो. क्वाशियाला कंटाळत नाही. ही जमीन माझी होती, हे एकच वाक्य तो प्रत्येक प्रवेशात नुसत्या असण्याने बोलतो. १८३६ मध्ये शार्लट रो हेडच्या शाळेत शिकवत होती, दिवसभर मुलींच्या व्याकरणाने जीव मेटाकुटीला आलेला. त्या काळातल्या तिच्या टिपणांत एक दृश्य येतं. राजधानी पडली आहे आणि राणीच्या खासगी दालनात, राणीच्याच कोचावर क्वाशिया पसरला आहे. शार्लट हे भीतीने लिहिते आणि नजर मात्र हटवत नाही. तिच्या कल्पनेनेच त्याला महालाचं दार उघडून दिलं. आश्रयाला आणलेला काळासावळा पोरका मुलगा पुढे घरच ताब्यात घेतो, ही कथा एमिलीच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये हीथक्लिफच्या रूपाने आली तेव्हा मला क्वाशिया आठवला.

शार्लट १८३१ मध्ये शाळेला गेली, तेव्हाच्या सुमारास एमिली आणि ॲन या राज्यातून फुटल्या आणि त्यांनी गॉन्डल वसवलं. गॉन्डलचं सगळं गद्य गेलं. उरल्या त्या कविता, भूगोलातल्या नोंदी आणि दोघींची रोजनिशीची चिटोरी. २४ नोव्हेंबर १८३४ च्या चिटोऱ्यात सफरचंदं सोलणं आहे, घरच्या मोलकरीण टॅबीबाईंची बटाट्यांसाठी चाललेली घाई आहे, आणि गॉन्डलचे लोक गाल्डीनचा अंतर्भाग शोधताहेत ही बातमी मागच्या स्वयंपाकघरातल्या धुण्याला खेटून आहे. जून १८३७ च्या चिटोऱ्यात व्हिक्टोरिया गादीवर आल्याची नोंद आहे, आणि तिथेच गॉन्डल-गाल्डीनचे सम्राट राज्याभिषेकासाठी गाल्डीनहून निघायच्या तयारीत आहेत. दोन्ही बातम्या सारख्याच वजनाने लिहिलेल्या. ३० जून १८४५ ला दोघी बहिणी यॉर्कच्या प्रवासाला निघाल्या, एमिली सव्वीस वर्षांची, ॲन पंचवीस. वाटभर त्या गॉन्डलमधले राजनिष्ठ फरारी झाल्या होत्या, विजयी प्रजासत्ताकवाद्यांपासून पळणारे. महिन्याभराने दोघींनी चिटोरी लिहिली. एमिलीच्या मते गॉन्डल पूर्वीसारखंच बहरात होतं. ॲनला मात्र ते आता खेळण्याजोगं राहिलेलं वाटत नव्हतं.

त्याच वर्षीच्या ३ मार्चला एमिलीने एक शोकगीत लिहिलं होतं. बोलणारी आहे गॉन्डलची आर. अल्कोना, मेलेला आहे ज्युलियस ब्रेंझायडा, समुद्रापलीकडची राज्यं जिंकलेला सम्राट. शरदात शार्लटच्या हाती एमिलीच्या कवितांची वही लागली आणि १८४६ मध्ये तिघींच्या कविता टोपणनावांनी छापल्या गेल्या. त्या वेळी शीर्षकातली दोन्ही नावं गेली, ‘स्मरण’ एवढंच उरलं. कवितेतला अँगोराचा किनारा पुसून तिथे उत्तरेकडचा कुठलासा किनारा आला. पंधरा हिवाळे बर्फाखाली निजलेल्या प्रियकरासाठी इंग्रजी वाचक तेव्हापासून हळहळत आहेत. तो विजेता होता, त्याने दुसऱ्यांच्या भूमीवर मुकुट घातला होता, हे छापील पानावर कुठेच नाही. माझ्यापुरतं मी दोन्ही नावं कवितेवर पुन्हा लिहून ठेवली आहेत. ती असताना शोक कमी होत नाही, आणि कुणासाठी रडायचं हे ठरवणं अधिक कठीण होतं.