शीख नाणी आणि शीख टाक : एका संज्ञेची चिकित्सा

शीख धर्मप्रतिमा असलेल्या जुन्या नाण्यांच्या संग्राहकांत ‘नाणे’ ही संज्ञा दोन भिन्न वस्तूंना सरसकट लावली जाते. हा केवळ शब्दाचा सैलपणा नव्हे. त्याने इतिहासाचा क्रमच उलटा होतो.

शीख सत्तेचे चलन मुख्यतः अक्षरांचे आहे. 1765 मध्ये लाहोर घेतल्यावर शिखांनी तेथे पाडलेल्या रुपयावर फारसी पद्यलेख आहे. अन्नदान, तलवार व विजय ही गुरू नानक व गुरू गोविंदसिंग यांच्याकडून लाभलेली देणगी होय, असा त्याचा आशय. रणजितसिंगाने सत्ता हाती आल्यावरही रुपयावर स्वतःचे नाव घातले नाही. नाणे गुरूंच्याच नावाने चालले व ‘नानकशाही’ म्हणून ओळखले गेले. चित्र म्हणून त्यावर बहुधा एक पान तेवढे आढळते. चांदीच्या रुपयावर फारसी, तर तांब्याच्या अनेक पैशांवर गुरुमुखी, हा लिपिभेदही अर्थपूर्ण आहे. मानवाकृती असलेले चलनी नमुने अतिदुर्मीळ होत.

याउलट, वृक्षाखाली बसलेले नानक, शेजारी रबाब घेतलेला मर्दाना आणि बाला, व मागील बाजूस गुरुमुखी मूलमंत्र, असे ज्यांचे रूप आहे त्या मुद्रा यात्रेकरूंसाठी घडविलेल्या होत. त्या बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व विसाव्याच्या आरंभीच्या, म्हणजे 1849 मध्ये शीख राज्य बुडाल्यानंतरच्या आहेत. कित्येकांवर मात्र संवत 1804, म्हणजे इसवी सन 1747, हे वर्ष कोरलेले दिसते. हे वर्ष लाहोरच्या रुपयाच्याही 18 वर्षे आधीचे! अर्थात कोरलेले वर्ष हे घडणीचे वर्ष नव्हे. खऱ्या चलनातही ही सावधगिरी हवी. अमृतसरच्या रुपयांवर संवत 1885 हे वर्ष पुढे अनेक वर्षे कायम ठेवून प्रत्यक्ष वर्ष निराळे कोरले जात असे.

मराठीत या भेदासाठी शब्द शोधावा लागत नाही. व्यवहारात चालते ते नाणे. देव्हाऱ्यात पूजिला जातो तो टाक. शीख परंपरेत मूर्तिपूजा नाही, म्हणून ही तुलना मर्यादितच घ्यावयाची. तथापि श्रद्धेने जवळ बाळगण्याची वस्तू आणि राजसत्तेचे चलन यांतील अंतर ती नेमके दाखविते.

यात्रामुद्रा त्याज्य नव्हेत. लोकश्रद्धेचा तो मोलाचा पुरावा आहे. पण प्रतिमेच्या मोहाने त्यांना प्राचीन चलन मानले, तर ज्या राज्याने राजाऐवजी गुरूचे नाव नाण्यावर घातले, त्याची साक्ष वाचावयाची राहून जाते. संग्राहकाने आधी लेख वाचावा, मग चित्र पाहावे.