नवा नायक आणि आपली रसिकता

सभामंडपात समया उजळल्या आहेत, पखवाजाला कणीक लागली आहे, टाळ वाटून झाले आहेत. ज्या जागी गेली कित्येक वर्षे एकच वृद्ध गायक बसत आला, त्या जागी आज कोणी तरुण येऊन बसतो. त्याचा रूपाचा अभंग अजून धड रंगलेलाही नसतो, तोच खांबाला टेकलेल्या मंडळींत कुजबुज सुरू होते : “पयलींचें आतां उरूंक ना!” डिचोली-पेडण्याच्या कोणत्याही गावी हे दृश्य पाहावयास मिळेल. आमच्या साखळीतही ते अपरिचित नाही. ती कुजबुज तरुणाच्या कानी पडते आणि पुढच्या सप्ताहास तो टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत जाऊन बसतो. कधी कधी येतच नाही. मग तीच मंडळी म्हणतात की नव्या पिढीस भजनाची गोडी नाही.

या कुजबुजीचा जरा खोलात जाऊन विचार करावा, असे आम्हांस वाटते. तिच्यात जिव्हाळा आहे, यात संशय नाही. परंतु तिच्या पायी परंपरेचा दोरच तुटत असेल, तर तिला रसिकता म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा रोग एकट्या गोमंतकाचा नाही. युरोप-अमेरिकेतील मोठमोठ्या वाद्यवृंदांत नवा निर्देशक नेमला जातो, तेव्हा तेथील सुसंस्कृत श्रोतेही असेच वागतात. या निर्देशकास तिकडे ‘कंडक्टर’ म्हणतात. तो शब्द ऐकून आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कदंबाच्या गाडीतील तिकीटवाला उभा राहील, त्यास आमचा इलाज नाही! शंभर वादकांच्या मेळासमोर हातात छडी घेऊन उभा राहणारा हा मनुष्य स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. पण लय त्याची, उठाव त्याचा, कोठे थांबावे आणि कोठे झेपावे हा विवेकही त्याचाच. पेडण्याकडच्या दशावतारात जे नाईकाचे स्थान, तेच साधारणतः त्याचे समजावे. पात्रे कितीही नटली तरी खेळाची नाडी नाईकाच्या हाती असते.

बर्लिनच्या सुप्रसिद्ध वाद्यवृंदाची कथा पाहा. 1954 च्या नोव्हेंबरात तेथील थोर निर्देशक फुर्टव्हेंग्लर निवर्तले. युद्धानंतरच्या हलाखीच्या वर्षांत तो मेळ चेलिबिदाके नावाच्या तरुण निर्देशकाने सांभाळला होता; पण 1955 साली गादी मिळाली कारायान यांस. फुर्टव्हेंग्लरच्या वादनातील गूढ गांभीर्य हरपले, असे जुने श्रोते हळहळून म्हणू लागले. पुढे हेच कारायान 34 वर्षे त्या स्थानी राहिले. 1989 मध्ये वादकांनी आबादो यांस निवडले, तेव्हा ‘कारायान यांचा तो भरदार नाद गेला’ अशी हळहळ सुरू झाली. ज्या नादाची जन्मवेळी कुरकुर झाली, त्याच्याच नावाने आता शोक होऊ लागला! 1999 मध्ये सायमन रॅटल या इंग्रज निर्देशकाची निवड झाली आणि काही वर्षांतच जर्मन समीक्षकांपैकी काहींनी अस्सल बर्लिनी नाद लोपत असल्याची तक्रार मांडली. बर्लिनमधील या हळहळीत आणि आमच्या खांबाजवळच्या कुजबुजीत फरक भाषेचा आहे, भाव एकच.

आपल्या मुंबईच्या झुबिन मेहता यांचा अनुभवही बोलका आहे. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये मुंबईत वाद्यवृंद उभारला होता आणि तशा मेळांतून गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने वाजवीत. 1962 मध्ये झुबिन यांच्याकडे लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद आला, तेव्हा त्यांचे वय अवघे 26 वर्षांचे. सोल्टी या नामवंत निर्देशकाची तेथे आधी योजना झाली होती. पण त्यांस न विचारता या तरुणाची सहायक म्हणून नेमणूक करण्यात आली आणि सोल्टी रागाने बाजूला झाले. अशा अवघड परिस्थितीत आलेला हा पारशी तरुण तेथे 16 वर्षे लोकप्रिय राहिला. 1978 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याने 13 वर्षे काम केले, परंतु त्या शहरातील समीक्षकांची मर्जी त्यास क्वचितच लाभली. एकाच माणसाचे एकाच कलेचे दोन शहरांत असे दोन निवाडे झाले. तेव्हा श्रोत्यांचा कौल हा गुणांइतकाच त्यांच्या अपेक्षांचा आणि आठवणींचा असतो, असेच म्हणावे लागते.

परदेशची उदाहरणे येथेच थांबवून आपल्या अंगणातील एका इतिहासाकडे वळू. मराठी संगीत रंगभूमीवर वाद्यवृंदाचा निर्देशक नव्हता. तेथे नाटक मंडळीचा प्रमुख गायक-नट हाच सर्वांचा नायक होता. तो बदलला की प्रेक्षकांच्या जगातच उलथापालथ होई.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. 1882 मध्ये भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि त्यांच्या उंच, धारदार, दूरवर पोहोचणाऱ्या आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला. 1901 च्या फेब्रुवारीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते वारले. भाऊरावांच्या मागे आता नाटक कसले, असेच तेव्हाच्या रसिकांस वाटले असल्यास नवल नाही. 1905 मध्ये नारायण राजहंस नावाचा तरुण त्याच मंडळीत शकुंतला होऊन उभा राहिला. त्याच्या गळ्यात भाऊरावांची धार नव्हती. त्याच्यापाशी होता तो मार्दवाचा, लडिवाळ घसरणीचा, शब्दाला गोंजारणारा स्वर. नारायणरावांनी भाऊरावांची नक्कल करण्याचा हट्ट धरला असता, तर ते दुय्यम भाऊराव म्हणून विस्मृत झाले असते. त्यांनी स्वतःचाच गळा गायिला, म्हणून ते बालगंधर्व झाले.

1913 मध्ये बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीची तेजस्वी ज्योत बाहेर पडली. ती रिकामी जागा भरून काढण्यास जो मुलगा आला, तो आमच्या मंगेशीचा : दीनानाथ मंगेशकर. 1900 च्या डिसेंबरात जन्मलेला हा मुलगा तेव्हा चौदाच्या आगेमागे होता. बालगंधर्वांच्या स्मृतीने भारलेल्या प्रेक्षकांसमोर त्या वयात उभे राहणे म्हणजे केवढे धैर्य! गळा पाहावा तर पुन्हा निराळाच : तार सप्तकात विजेसारखी झेप, पंजाबी ढंगाच्या ताना, अकस्मात वळणे. बालगंधर्वांच्या रेशमी गायकीने ज्यांचे कान घडले होते, त्यांना तो आडदांड वाटावा, हे साहजिकच होते. परंतु 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी काढली आणि ‘भावबंधन’, ‘रणदुंदुभी’, ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांतून आपला स्वतंत्र ठसा उमटविला. ते गेल्यावर किर्लोस्कर मंडळीस पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही.

आज मागे वळून पाहता काय दिसते? 1911 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’त भामिनी म्हटली की बालगंधर्व आठवतात आणि धैर्यधर म्हटला की दीनानाथ. एकाच नाटकात दोघांनाही जागा झाली. ज्या दोन गळ्यांविषयी ‘हा की तो’ असा वाद घालण्यात रसिकांनी रात्री घालविल्या, त्या दोघांनाही काळाने शेजारी शेजारी बसविले. भांडणारे विस्मरणात गेले, गाणी उरली.

याच सुमारास ललितकलादर्श मंडळीवर आघात झाला. 1921 च्या जुलैत केशवराव भोसले यांनी बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले आणि ऑक्टोबरात ते निवर्तले. बापूराव पेंढारकरांनी धुरा उचलली. केशवरावांचा गळा त्यांच्यापाशी नव्हता. पण नाटक निवडण्याची दृष्टी होती, मामा वरेरकरांसारखा लेखक होता, वझेबुवांसारखा स्वररचनाकार होता. गळा बदलला तरी मंडळी टिकली. नव्या नायकास जुन्याचा गळा आहे की नाही हे पाहण्यात आम्ही इतके गुंततो की मेळ टिकविण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

घराण्याच्या गायकीतही हेच. आमच्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर गायकीचा शुद्ध दाखला. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर (1932–2017) यांनी त्या गायकीत भावाचा निराळा विस्तार आणला, तेव्हा घराण्याच्या शुद्धतेचे अभिमानी नाराज झाले. आज त्याच किशोरीताईंची गायकी कित्येक शिष्यांस प्रमाण वाटते. माय-लेकींच्या एका पिढीच्या अंतरात पाखंडाची परंपरा होते, हे ज्याने ध्यानी घेतले, तो पहिल्याच बैठकीस निकाल देण्याची घाई करणार नाही.

तर मग श्रोत्याने मुकाट्याने सर्व काही गोड मानून घ्यावे काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. काही शंका रास्त असतात. फिनलंडचे तरुण निर्देशक माकेला यांस शिकागोच्या वाद्यवृंदाने 2024 मध्ये पसंत केले, तेव्हा ते 28 वर्षांचे होते. 2027 पासून ते काम पाहावयाचे आणि त्याच सुमारास ॲम्स्टरडॅमचाही मेळ सांभाळावयाचा, असे ठरले. एकाच माणसाने दोन खंडांतील दोन मोठे मेळ कसे जोपासावेत, ही विचारणा योग्यच होती. आमच्याकडेही एकाच बुवांना चार देवळांच्या सप्ताहांचे आमंत्रण असते आणि कोठेच मेळ बसत नाही. तेव्हा कामाविषयीची शंका ही टीका होय. गतकालाविषयीची हुरहूर ही टीका नव्हे. ‘तुझी लय द्रुतात सुटते’ हे सांगणारा श्रोता गायकाचा मित्र असतो. ‘तू तो नाहीस’ एवढेच सांगणाऱ्यापाशी गायकास देण्याजोगे काहीच नसते; कारण तो ‘तो’ नाही, हे गायकास आधीच ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट. कित्येकदा रोष माणसावर नसतो. आपणांस विचारले नाही यावर असतो. 2005 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या वाद्यवृंदावर मॅरिन ऑल्सप या निर्देशिकेची नेमणूक होत असता बहुसंख्य वादकांनी शोध पुढे चालू ठेवावा, अशी जाहीर मागणी केली. त्या बाई वादकांसमोर गेल्या, बोलल्या, कामास लागल्या आणि 2007 पासून 2021 पर्यंत त्या स्थानी राहिल्या. बर्लिनला तर वादक स्वतःच गुप्त मतदानाने निर्देशक निवडतात. 2015 च्या मे महिन्यात दिवसभर बसूनही त्यांचे एकमत झाले नाही. तेव्हा घाई न करता ते पुन्हा जूनमध्ये बसले आणि पेत्रेंको यांस निवडले. आमच्या देवस्थानांतही महाजनांनी, टाळकऱ्यांनी आणि जुन्या जाणत्यांनी एकत्र बसून नवा गायक ठरविला, तर खांबाजवळची कुजबुज अर्धी तरी कमी होईल. ज्यास आपण स्वतः बसविले, त्यास सांभाळण्याची जबाबदारी आपलीच, हे मग मनास पटते.

आणि जुन्या गायकांचेही एक कर्तव्य आहे. गळा शाबूत असतानाच त्यांनी तरुणास शेजारी बसवावे, दोन अभंग त्याच्या हाती सोपवावेत, भरल्या मंडपात त्याच्या पाठीवर हात ठेवावा. गुरूने असा एकदा हात ठेवला की श्रोत्यांच्या कानांत जी परीक्षक-वृत्ती असते, तिच्यात थोडी माया मिसळते. गुरूमागे एकटाच गादीवर येऊन बसलेल्या पोरास ती माया कोठून मिळावी?

साखळीच्या वाळवंटीकाठी चैत्रोत्सवास विठ्ठलापूरच्या देवळात ज्यांनी लहानपणापासून भजने ऐकली, त्यांच्या कानांत पूर्वीचे आवाज घुमत असणारच. ते घुमावेत. त्यांच्या आठवणी नव्यांस सांगाव्यात, अमुक बुवा ही ओळ अशी म्हणत, असे प्रेमाने दाखवावे. पण नवा गळा पहिल्यांदा रूपाचा अभंग उचलतो, त्या क्षणी ती आठवण त्याच्या डोक्यावर धोंड्यासारखी टाकू नये. त्यास निदान एक वर्षाचे उत्सव द्यावेत. दर एकादशीस जाऊन बसावे, शेवटपर्यंत ऐकावे, आणि वर्ष पुरे झाल्यावर मग आपले मत त्याच्या समोर, स्वच्छ शब्दांत सांगावे. तेवढा धीर आम्ही धरला, तर पुढच्या सप्ताहास तो तरुण मागच्या ओळीत न जाता आपल्या जागी बसलेला दिसेल, आणि त्याच्या शेजारी टाळ घेऊन आणखी एखादा मुलगा.