बसून राहणारी राणी

राघवेंद्र गदगकरांच्या संशोधनाची गोडी चाखायची, तर सुरुवात रंगाच्या ठिपक्यापासून करावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पोळ्यावरच्या प्रत्येक गांधीलमाशीला लवकर वाळणाऱ्या रंगांचे ठिपके असे दिले जातात की कोणत्याही दोघी सारख्या दिसू नयेत. आणि क्षणापूर्वी नुसता घोळका असलेल्या त्या जीवांतली एकेक जण आपल्या डोळ्यांदेखत वेगळी होऊ लागते. रोपालिडिया मार्जिनाटा ही आपल्या घरांच्या आडोशालाही वस्ती करणारी जात. वनस्पतींचे तंतू चावून बनवलेले तिचे कागदी पोळे आवरणाविना उघडेच, त्यामुळे पाहणाऱ्यापासून फारसे काही लपत नाही. डॉक्टरेट रेणवीय जीवशास्त्रात मिळवलेला हा शास्त्रज्ञ या एका जातीपाशी दशकानुदशके थांबला. निकालांची घाई झालेल्या आजच्या काळात असे थांबणे मला जवळजवळ बंडखोरीचे वाटते.

१९८३ साली गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी प्रत्येक माशीचा वेळ कसा जातो याचा हिशेब मांडला आणि पोळ्यात तीन स्वभाव उमटले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून अन्न आणणाऱ्या. राणी कोणत्या गटात असेल? आपण मनातल्या मनात तिला भांडणाऱ्यांत बसवून मोकळे होतो, आणि रोपालिडिया सायाथिफॉर्मिस या भावंड जातीत ती खरोखर तिथेच सापडते. पण मार्जिनाटाची राणी बसणाऱ्यांत आहे! कोणावर धावून न जाणारी, तरीही अंडी घालण्याचा हक्क एकटीकडे राखणारी अशी ही सत्ता टिकते कशावर? गदगकरांच्या पुढच्या कामाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती बहरत गेला, आणि उत्तर निघाले गंधाचे: पोटाचे टोक पोळ्याच्या पृष्ठभागावर घासत राणी आपल्या असण्याची खूण ठेवत जाते.

आता राणीला उचलून बाजूला ठेवले, की कामकऱ्यांतली एक जण पाहता पाहता विलक्षण आक्रमक होते. राणी परतली नाही, तर सुमारे आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते, आणि तिचा सारा त्वेष ओसरतो. सत्ता येताना तापट आणि आल्यावर शांत, हा क्रम आपल्याला परिचित सत्तांतरांच्या नेमका उलटा आहे.

मात्र मला सर्वांत मोहवतो तो गदगकरांचा अनिंदिता भद्रांसोबतचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. पोळे मधोमध कापायचे, दोन अर्धांच्या मध्ये जाळी घालायची. राणी नसलेल्या बाजूला एक दावेदार उभी राहते. मग राणी आणि दावेदार यांची अदलाबदल करायची. कधी ती दावेदार दुसऱ्या बाजूलाही निर्विवाद मान्य होते. कधी तिथे दुसरीच पुढे येते आणि पहिली आपला आक्रमकपणा मुकाट सोडून देते. खऱ्या वारसदारावर कोणी हल्ला करत नाही. म्हणजे वारस आधीच ठरलेली असते, माश्यांना ती ठाऊक असते, आणि आपण मात्र रंगाचे ठिपके, वह्या, आकडेमोड सारे हाताशी असूनही राणी जाईपर्यंत त्या गर्दीतून तिला ओळखू शकत नाही. एक कात्री, एक जाळी आणि भरपूर धीर यांवर उभारलेल्या या प्रयोगाची सर माझ्या लेखी महागड्या यंत्रशाळेला नाही.