जबलपूर ते ए. के. रॉय : स्थानबद्धता आणि शासनसत्तेच्या मर्यादा

अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्याचा २८ एप्रिल १९७६ रोजीचा निकाल शिकविताना आपण एक ठरीव मांडणी करतो. चार न्यायमूर्तींची शरणागती, न्या. एच. आर. खन्ना यांचे एकाकी अल्पमत, जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांची सरन्यायाधीशपदी झालेली नियुक्ती आणि खन्ना यांचा राजीनामा. ही मांडणी खोटी नाही. परंतु तिच्यात व्यक्तीचे धैर्य इतके मोठे होते की, शासनसत्तेला आवर घालणारी रचना कोणती, हा मूळ प्रश्न मागे पडतो.

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला होता. तरीही स्थानबद्धतेचा आदेश ‘मिसा’ कायद्याच्या चौकटीत तरी बसतो काय, एवढे तपासता येईल, अशी भूमिका नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. जीविताचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच सामावलेला आहे, तेव्हा अनुच्छेदाचे दार बंद झाले की हक्कही मिटला, असे बहुमताचे गृहीतक होते. पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर उपाय काय, या न्या. खन्ना यांच्या प्रश्नावर महान्यायवादी नीरेन डे यांना, आणीबाणी असेपर्यंत काहीच नाही, असे उत्तर द्यावे लागले. त्यांच्या युक्तिवादातून दुसरे उत्तर निघतच नव्हते. खन्ना यांनी हे गृहीतकच नाकारले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व संविधानापूर्वीचे असून अनुच्छेद २१ हे त्याचे एकमेव आश्रयस्थान नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बहुमताच्या निकालपत्रांची भाषाही तपासण्यासारखी आहे. न्या. बेग यांना स्थानबद्धांची शासनाकडून होणारी देखभाल जवळजवळ मातृवत वाटली. न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी अत्याचाराच्या शक्यतेला हिऱ्यासारख्या तेजस्वी आणि कठीण आशेने उत्तर दिले. ज्या शासनाच्या हेतूविषयीच वाद आहे, त्याच्या सद्‌वर्तनाची आशा ही कायदेशीर मर्यादा कशी ठरावी? माझ्या मते या निकालाचा खरा दोष येथे आहे.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरविले. ही दुरुस्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्याच कलम ३ ची चर्चा मात्र क्वचित होते. त्यानुसार सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर येणार होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जाऊन त्याच्या अध्यक्षस्थानी विद्यमान न्यायमूर्ती असणार होते. अंमलबजावणीची तारीख ठरविण्याचे काम मात्र संसदेने केंद्र शासनाकडे सोपविले, आणि शासनाने कलम ३ साठी ती तारीख कधीच काढली नाही. आदेश काढणाऱ्या शासनानेच तो तपासणारे मंडळ निवडावे, ही १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातील व्यवस्था त्यामुळे टिकून राहिली.

ए. के. रॉय विरुद्ध भारत संघ या खटल्यात हा प्रश्न न्यायालयापुढे आला. डिसेंबर १९८१ च्या निकालात बहुमताने शासनाला तारीख ठरविण्याचा आदेश देण्यास नकार दिला. शासन विनाविलंब हे कलम अमलात आणील, अशी आशा तेवढी व्यक्त केली. निकालपत्र सरन्यायाधीश चंद्रचूड यांचे होते. (योगायोग म्हणून हे सोडून देणे मला तरी जमत नाही.) पाच वर्षांत आणीबाणी गेली, सरकारे बदलली, घटना बदलली, पण आशेचा आश्रय तसाच राहिला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जबलपूर निकाल रद्दबातल ठरविला. त्यातील मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे असल्याने पितापुत्रांची कथा वृत्तपत्रांतून पुष्कळ रंगली. कलम ३ चा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. आजही संविधानाची अधिकृत प्रत उघडली तर अनुच्छेद २२ च्या चौथ्या खंडाखाली, हे कलम अमलात आल्यावर मजकूर कसा बदलेल, ते सांगणारी तळटीप आढळते. तारखेची जागा तेथे रिकामी आहे.