देशी बाग आणि कुरतडलेली पाने

शाळेत देशी झाडांची बाग करण्याचा उपक्रम स्वागतार्ह आहे. मादागास्करचा गुलमोहर आणि मेक्सिकोची सुबाभूळ यांच्याऐवजी मुले पळस, बहावा, ताम्हण लावू लागली आहेत. अशीच एक बाग आम्ही पाहिली. रोपे मुलांनी बियांपासून वाढवलेली, वाफे रेखीव, प्रत्येक रोपाला शास्त्रीय नावाची पाटी. मात्र एकही पान कुरतडलेले नव्हते! चौकशी केली तेव्हा कळले, की बाग नीटनेटकी दिसावी म्हणून कीटकनाशक फवारले जाते. कुंपणाजवळची रुईही तण म्हणून उपटली होती.

आमचा आक्षेप इथेच आहे. देशी झाड लावायचे ते इथल्या कीटकांशी व पक्ष्यांशी त्याचे जुने नाते आहे म्हणून. कढीपत्त्यावरची एक अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. पुढे तिचे काळे फुलपाखरू होते. रुईची विषारी चीक असलेली पाने खाऊन वाढलेल्या पट्टेरी अळीचे फुलपाखरू पक्षी सहसा टाळतात. हे सारे मुलांना वर्गाबाहेर दोन पावलांवर पाहता आले असते. फवारणीने तो धडाच पुसला गेला.

शिक्षकमित्रहो, येत्या पावसाळ्यात फवारणी बंद ठेवा. जगलेली रोपे मोजताना कुरतडलेली पानेही मुलांना मोजू द्या. कोणत्या झाडावर, कोणत्या आठवड्यात, कोणती अळी दिसली, याची वही ठेवा. बागेचे मूल्यमापन आपण त्या वहीवरून करू.